पानामागची पाचर

काढणं हे माझं काम. तीस वर्षं दोराच्या पुढच्या टोकाला अण्णा आणि मागच्या टोकाला मी. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. हुबळीला वकिली करतो, कोप्पीकर रोडवर एका कापडदुकानाच्या माडीवर त्याचं ऑफिस आहे. मी धारवाडला सप्तापुरात राहते आणि कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आठवडाभर तो कोर्टात भांडायचा, मी मुलांवर ओरडायचे, आणि थंडीतल्या रविवारी दोघं कड्यावर जायचो.

आमची चढायची पद्धत जुनी. पुढचा माणूस चढताना दगडातल्या भेगांमध्ये धातूच्या लहान लहान पाचरी अडकवत जातो आणि त्यांतून दोर ओवत जातो. तो पडला तर पाचर दोराला धरते, दोर त्याला धरतो. तो वर पोचला की मागच्याने चढायचं आणि चढता चढता प्रत्येक पाचर काढून कमरेला अडकवायची. शेवटी कडा होता तसा. भोक पाडायचं नाही, मेख ठोकायची नाही, सुतळीचा तोडासुद्धा मागे ठेवायचा नाही. कडा अभयारण्यात आहे, त्यामुळे जंगलखात्याच्या परवान्यावरही हेच लिहिलेलं असतं. पण आम्हाला परवान्याने सांगायची गरज नव्हती. हा आमचा धर्म होता आणि मला त्याचा चांगलाच माज होता. दुसऱ्या कुणी कड्यावर टाकलेली दोरी, चिंधी, बिस्किटाचा कागद दिसला की मी शिव्या देत तो काढायचे, आणि शिव्या देताना मला फार बरं वाटायचं.

अळणावरच्या पुढे जंगलात शिरल्यावर वीसेक मिनिटं चाललं की तो कडा एकदम समोर येतो. सकाळी त्याच्यावर ऊन नसतं. इतकी वर्षं मी तिथे गेले, पण त्या सावलीत शिरताना बोलणं आपोआप बंद व्हायचं. तसं ते बंद ठेवावंच लागायचं, कारण कड्याच्या उजव्या अंगाला आग्या मोहोळं लटकलेली असायची, सुपाएवढी, काळी. माश्या उठल्या तर पळायला जागा नाही. म्हणून खाली उभं राहून हाका मारायच्या नाहीत, धूर करायचा नाही, अत्तर-पावडर लावून यायचं नाही. लग्नातल्या गप्पिष्ट अण्णाला जे ओळखतात त्यांना तो कड्याखाली कुजबुजतो हे सांगून खरं वाटायचं नाही.

चढायच्या वाटांना आम्ही नावं ठेवली होती. एक ‘जिना’, कारण तो सोपा. एक ‘सासूबाई’, कारण तिथे प्रत्येक ठिकाणी टोमणा बसतो. आणि सगळ्यांत देखणी वाट ‘पान’. चार मजले उंचीवर एक भलामोठा दगड कड्याला टेकून उभा होता, दोन पुरुष उंच, कडेला हातभर जाड. तो आणि मूळ कडा यांच्या मधल्या भेगेत दोन्ही पंजे घालायचे, पाय बाहेरून दाबायचे आणि वर सरकायचं. ही वाट पहिल्यांदा चढलो ते आम्ही दोघंच. पान बोटाने वाजवलं तर पोकळ वाजायचं. अण्णा दर वेळी टकटक करून हळूच विचारायचा, “आहेत का घरात?” आणि मी दर वेळी हसायचे.

कड्याने मला एक माणूसही दिलं. अळणावरच्या बाजूच्या एका खेड्यातलं एक घर पिढ्यान्‌पिढ्या त्या कड्यावरून मध काढायचं. आता खात्याच्या परवानगीने काढतात. सुरुवातीला आम्हाला वाट दाखवायला त्या घरातला म्हातारा यायचा. त्याची मुलगी लहान वयात विधवा झाली आणि धारवाडला काम शोधू लागली, तेव्हा त्यानेच तिला माझ्याकडे आणून सोडलं. तिला माझ्या घरी वीस वर्षं झाली. ती मला अक्का म्हणते, मी तिला अगं म्हणते, आणि स्वयंपाकघरात कुठलं भांडं कुठे ठेवायचं याचा निर्णय ती घेते. म्हातारा गेल्यावर तिचा धाकटा भाऊ मध काढू लागला. ती त्याला तम्मा, म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ, म्हणायची, म्हणून आम्हीही तम्माच म्हणू लागलो. हडकुळा, कमी बोलणारा, हसला की एकदम पोरगेला दिसणारा. मोहोळं यंदा कुठे आहेत, अस्वलाचा माग दिसला का, झऱ्याला पाणी आहे का, सगळं आम्ही त्याला विचारायचो. दगडाबद्दल मात्र कधीच विचारलं नाही. दगड आम्हाला कळतो अशी आमची समजूत होती.

संक्रांत होऊन गेल्यावरच्या रविवारी आम्ही जिना चढत होतो. जिन्याची वाट वरच्या बाजूला पानाच्या माथ्याजवळून जाते. अण्णा वर पोचला होता, मी खालून पाचरी काढत येत होते. पानाच्या माथ्याशी एका मुळाला बांधलेली दोरी दिसली. दोरीला एक लाकडी पाचर होती, आणि पाचरीला विटक्या लाल लुगड्याची लांब पट्टी. पाचर भेगेबाहेर लोंबत होती आणि पट्टी वाऱ्यावर हलत होती. माझं डोकंच फिरलं. कुणीतरी नवस बोललंय, नाहीतर मध काढणाऱ्यांनी घाण करून ठेवलीय, असं मी ठरवून टाकलं. गाठ सोडायला बराच वेळ गेला. सोडवल्यावर उगीच गंमत म्हणून ती लाकडी पाचर मी पानामागच्या भेगेत बसवून बघितली. बसली नाही. आत गेली आणि सरळ खाली घसरली. “मापसुद्धा धड नाही,” असं मी तोंडाने म्हणाले, मला अजून आठवतं. मग ते सगळं गुंडाळून खिशात घातलं.

चढाई शिकायला येणाऱ्या नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी शिकवते, की बसलेली पाचर सैल झाली तर दोनच गोष्टी असू शकतात. एक तर ती चुकीची बसवली, नाहीतर भेग रुंदावली. ही लाकडी पाचर चारी बाजूंनी तासून, मापाला मापून केलेली होती. हातात धरून मला ते दिसत होतं. तरी मी पहिली शक्यता धरली, कारण ती बसवणारे आम्ही नव्हतो.

घरी आल्यावर पट्टी पाचरीसकट फरशी पुसायच्या फडक्यांच्या बादलीत टाकली आणि विसरून गेले.

पुढच्या रविवारी अण्णाची साठी होती. वहिनीला घरी साठीशांत करायची होती, गुरुजींशी बोलणंही झालं होतं. अण्णाने सगळ्यांना हात जोडले आणि सांगितलं, त्या दिवशी सकाळी मी पान चढणार, नंतर काय करायचं ते करा. मागे दोराला त्याची मुलगी, बेंगळूरहून मुद्दाम आलेली. मी असायला हवी होते, पण त्याच दिवशी कसल्याशा नोकरभरतीच्या परीक्षेला माझी सुपरवायझरची ड्यूटी लागली होती आणि ती बदलून मिळाली नाही. मी आठवडाभर फुरंगटून होते. “मागच्या टोकाला कोण आहे ते पुढच्याला दिसत नाही, काळजी करू नकोस,” असं अण्णाने फोनवर चिडवलं, तेव्हा मी फोन ठेवून दिला.

त्या रविवारी अण्णा आणि भाची पहाटेच निघून गेले. मी साडेसहाला साडी नेसून, ओळखपत्र गळ्यात घालून चहा पीत होते. तम्माची बहीण मागच्या अंगणात फडकी धूत होती. एकदम आत आली, हात ओले तसेच. हातात ती पाचर.

“अक्का, हे कुठनं आणलासा?”

मी सांगितलं. कड्यावरची घाण, काढून आणली.

“कुठल्या जाग्यावरनं?”

मी जागा सांगितली. ती खालीच बसली. “अय्यय्यो अक्का. ही गाठ आमची हाय. तम्मानं बसिवलेली हाय ही.”

मग तिने जे सांगितलं ते मला तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे मी विचारलं नव्हतं. मध काढणारे वरून दोराच्या शिडीने उतरतात आणि पानाच्या माथ्यावर उभे राहून बाजूचं मोहोळ कापतात. म्हणून पानामागच्या भेगेत ते दर वर्षी लाकडाची पाचर घट्ट बसवून ठेवतात. दोरी मुळाला, लाल पट्टी पाचरीमागे आत दाबलेली. दगड हलला नाही तर पाचर जागेवर राहते आणि खालून काहीच दिसत नाही. दगड सुटू लागला, भेग उघडली, की पाचर गळून बाहेर येते आणि लाल फडकं खाली लोंबतं. हंगामाच्या आधी खालून मान वर करून बघायचं. लाल दिसलं तर त्या वर्षी तिथे पाय ठेवायचा नाही.

“लोंबत हुतं का?” तिने विचारलं.

“हो.”

“मग दगुड सुटालाय, अक्का.”

मी अण्णाला फोन लावला, भाचीला लावला. जंगलात शिरलं की फोन लागत नाही, हे मला माहीत होतं, तरी लावत राहिले. मग गाडीची किल्ली घेतली. ती फाटकापर्यंत मागे धावत आली आणि खिडकीशी वाकून म्हणाली, “आमच्या तम्मालाबी सांगा, अक्का. पाचर निघाली म्हणून. तेला आता खालनं काय दिसायचं न्हाई.”

“सांगते,” म्हणाले.

केलगेरीचं तळं कधी मागे पडलं ते कळलं नाही. मी चांगली गाडी चालवते, पण त्या दिवशी दोन ठिकाणी थोडक्यात वाचले. डोक्यात एकच हिशेब चालला होता, की अण्णा आठच्या आधी चढायला सुरुवात करत नाही, हात गरम झाल्याशिवाय दगडाला हात लावत नाही, चहा संपवल्याशिवाय हात गरम करत नाही. त्याच्या चेंगटपणावर मी आयुष्यभर बोंब मारली होती. आता वाटत होतं, अजून एक कप पी रे बाबा.

परीक्षेच्या केंद्रावरून फोन येत होते. घेतले नाहीत. गाडी सोडली तिथून साडी खोचून पळत गेले.

कड्याची सावली नेहमीसारखी थंडगार. भाची खाली उभी, मान वर, हातात दोर. आणि वर अण्णा पानावर. दोन्ही हात मनगटापर्यंत भेगेत, पाय बाहेरून दाबलेले. त्याने दोन पाचरी पानामागच्या भेगेतच लावल्या होत्या आणि दोर त्यांतून खाली आला होता. म्हणजे तो पडला, किंवा दमून दोरावर नुसता टेकला, तरी सगळा झटका त्या पाचरींना बसणार, आणि पाचरी पान कड्यापासून उपटणार. पान आलं तर अण्णासकट येणार, आणि खाली भाची उभी होती.

ओरडता येत नव्हतं. उजवीकडे मोहोळं होती. मी भाचीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला म्हटलं, “दोर सोडू नकोस, ताणू नकोस, फक्त हळूहळू डावीकडे त्या कपारीखाली चल.” ती वळून बघणार होती. “बघू नकोस. चल.” ती काही न विचारता सरकली. आमच्या घरात इतकं ऐकणारी तीच एक आहे.

मग मी वर बघून, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल इतक्याच आवाजात म्हणाले, “अण्णा, मी आहे. पान सुटतंय. ओढू नकोस. दोरावर टेकू नकोस.”

मग वरून, “कशावरून?”

वकील. तिथेसुद्धा पुरावा मागितला.

“मागच्या रविवारी भेगेत मध काढणाऱ्यांची पाचर होती. गळून पडली होती. मी परत घालून बघितली, बसली नाही.”

मला त्याचे फक्त बुटांचे तळवे दिसत होते. मग त्याने एक हात भेगेतून काढला आणि आपणच लावलेली वरची पाचर काढली. मग दुसरी. आता त्याला धरणारी शेवटची पाचर बरीच खाली, पक्क्या कड्यात होती. तो पडला असता तर जमिनीपर्यंत आला असता. तरी तेच बरोबर होतं, आणि त्याने ते कसलीही घाई न करता केलं. मग तो डाव्या हाताने कोरा कडा चाचपत, बोटभर कंगोऱ्यांवर पाय ठेवत, जिन्याच्या वाटेकडे सरकू लागला. मध्येच पानामागून मूठभर माती खाली आली. कुणाचा हात लागलेला नसताना आली. उजवीकडच्या मोहोळावरून एक काळी लहर फिरली, मग दुसरी, आणि थांबली. मी देवाचं नाव घेतलं नाही, घेते असंही नाही. अण्णाचा पाय कुठे आहे तेवढंच बघत होते.

तो जिन्यावर पोचला आणि उतरून आला, तेव्हा भाचीने पाण्याची बाटली त्याच्या तोंडाशी धरली. पान तसंच उभं होतं. त्या दिवशी ते पडलं नाही.

“तू होतीस म्हणून,” अण्णा म्हणाला, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा. मी रडले. मग आम्ही हसलो. भाचीने साठीचे पेढे काढले. मी ते कौतुक सगळं घेतलं, त्यातलं घरी फडकी धुणाऱ्या बाईचं किती, हा विचार मला शिवला नाही.

परत निघताना अण्णा म्हणाला, “खात्याला कळवायला पाहिजे.” आणि लगेच स्वतःच म्हणाला, “लेखी कळवलं तर कडा बंद करतील. कायमचा.” तीस वर्षांच्या वाटा. “तम्माला तोंडी सांगू,” मी म्हटलं. “मी फोन करते त्याला.” गावाचा फाटा आला आणि गेला. अण्णाच्या घरी गुरुजी थांबले होते, वहिनीचे फोनवर फोन येत होते. शांत उशिरा का होईना, झाली.

सोमवारी सकाळी ती कामाला आली. आधीच सगळं कळलं होतं तिला. माझा हात हातात घेऊन म्हणाली, “देवानं राखलं बघा.” मग भांडी घासता घासता विचारलं, “तम्माला सांगितलासा न्हवं?”

मी टेबलाशी बसून कॉलेजने रात्रीच मेलवर पाठवलेल्या नोटिशीला उत्तर लिहीत होते. परीक्षेची ड्यूटी न कळवता सोडल्याबद्दल खुलासा मागितला होता. तीन वाक्यं लिहून खोडली होती. नाही म्हटलं असतं तर तिने तिथेच फोन लावायला सांगितला असता, आणि काल गावाच्या फाट्यावरून गेलात आणि तरी नाही, असं तिच्या चेहऱ्यावर आलं असतं. तो चेहरा मला त्या वेळी नको होता. संध्याकाळी फोन करायचाच होता.

“हो,” म्हणाले.

“बरं झालं बाई,” ती म्हणाली आणि पुढचं पातेलं घेतलं. तिच्या दृष्टीने विषय संपला.

त्या संध्याकाळी मी केला नाही. दुसऱ्या दिवशी केला, लागला नाही, आणि लागला नाही म्हणून सुटल्यासारखं वाटलं. नंतर काय झालं हे मला नीट सांगता येत नाही. मी विसरले असं म्हणणं सोयीचं आहे. पण ती रोज सकाळी दारातून आत आली की मला आठवायचं, आणि ती स्वयंपाकघरात गेली की जायचं. मनात म्हणायचे, हंगामाला अजून वेळ आहे. म्हणायचे, तो काय आंधळा आहे, वर गेल्यावर भेग दिसेलच. शिवरात्र झाली. शिमगा झाला. नोटिशीचं उत्तर दिलं, समज देऊन सोडलं. अण्णाच्या गुडघ्याने त्रास दिला म्हणून आम्ही कड्याकडे फिरकलोही नाही.

एका दुपारी कॉलेजात तिचा फोन आला. वीस वर्षांत तिने मला कॉलेजात कधी फोन केला नव्हता. तिचा आवाज ऐकला आणि ती काही बोलायच्या आधी मला कळलं.

तम्माने खाली उभं राहून मान वर करून बघितलं होतं. सोबतच्या दोघांनी ते सांगितलं. लाल काही दिसलं नाही. तो म्हणाला, बसलीय, आणि वरच्या वाटेने गेला. शिडीवरून पानाच्या माथ्यावर पाय ठेवून त्याने भार टाकला आणि पान गेलं. शिडीही त्यात ओढली गेली. आवाज पार गावापर्यंत ऐकू आला म्हणे.

आम्ही गेलो. अण्णा गाडी चालवत होता. घराबाहेर माणसं बसली होती. आत तम्माची बायको भिंतीला पाठ लावून बसली होती, डोळे कोरडे. माझ्याकडची तिची नणंद, म्हणजे वीस वर्षं माझं घर सांभाळणारी, मला बघून उठली आणि माझ्या गळ्यात पडून सगळ्यांना ऐकू जाईल असं रडत म्हणाली, “ह्या अक्कांनी सांगितलं हुतं हो तेला! दीड म्हैना आधी सांगितलं हुतं! तरी गेला, तरी ऐकला न्हाई!”

बाहेर बसलेली माणसं हळहळली. एक म्हातारा कन्नडमध्ये म्हणाला, हट्टी होता, बापासारखा. बायकोने मान वर केली. माझ्याकडे नाही, समोर ठेवलेल्या त्याच्या चपलांकडे बघितलं आणि दात आवळून म्हणाली, “सांगूनशान बी गेला. माझा, पोरांचा इचार केला न्हाई.”

तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडलं होतं. एवढ्या माणसांत, तिचा हात गळ्यात असताना, मला शब्द सापडला नाही, असं मी स्वतःला सांगते. शब्द एकच होता, ‘नाही’, आणि तो मला चांगला येतो. जंगलखात्याचे लोक आले, त्यांनी विचारलं, तिने त्यांनाही तेच सांगितलं. पंचनाम्यात लिहिलं गेलं की मयतास धोक्याची पूर्वसूचना होती.

परतीच्या वाटेवर अण्णाने विचारलं, “केला होतास ना फोन?”

“नाही.”

त्याने मागच्या ट्रकला वाट दिली. मग म्हणाला, “आता कुणाला सांगून काय होणार आहे.” ते त्याने भाऊ म्हणून म्हटलं की वकील म्हणून, मी विचारलं नाही. कड्यावर आम्ही पुन्हा गेलो नाही. खात्याने तो बंद केलाच.

ती अजून माझ्याकडे येते. तिला मी जास्त सुट्ट्या देते, आणि त्याबद्दल ती शेजारीपाजारी माझं कौतुक करते. वर्षश्राद्धाला मी गेले होते. तम्माचा फोटो बायकोने भिंतीला लावू दिला नव्हता. पोरं मागत होती. ती म्हणाली, ज्याला आमची फिकीर नव्हती त्याला रोज हार कशाला घालू. नणंदेने समजावलं, मी समोर बसून शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाल्ली. ती बाई अजून त्याच्यावर रागावलेली आहे. मेलेल्या माणसावर, ज्याने खाली उभं राहून, जसं बापाने शिकवलं होतं तसं, नीट वर बघितलं होतं.

हे सगळं मी पहिल्यांदाच लिहिते आहे. छापून आलं तरी त्या घरात कुणी वाचणार नाही. त्या दोघी घरात मराठी बोलतात, पण दोघीही कन्नड शाळेत शिकल्या, त्यांना मराठी वाचता येत नाही. मला कन्नड उत्तम लिहिता येतं. हे मी मराठीत लिहिलं आहे.